धरणारीचे डोळे

रविवार, ९ जुलै

आज मशीन घेतली. दोन महिने ट्रक मागच्या अंगणात लिंबाखाली उभा आहे आणि गल्लीतली माणसं येता-जाता विचारतात, सर, भंगाराचा धंदा काढला का. जुना चारशेसात आहे, मागचा सांगाडा गंजलेला, पण इंजिन ठणठणीत. मागे लोखंडी कप्पे, घडीचं टेबल, वर पत्रा. झाला की सूक्ष्मदर्शक, चुंबकं, परीक्षानळ्या भरून गावोगावच्या शाळांत न्यायचा. बत्तीस वर्षं विज्ञान शिकवलं, त्यातली निम्मी वर्षं फळ्यावर चंबूचं चित्र काढण्यात गेली. आता पोरांच्या हातात खरा चंबू द्यायचा.

वेल्डिंग मुंजाजीकडून करून घेता आली असती. इथे पाथरीतच सेलू रोडला त्याचं दुकान आहे, माझाच विद्यार्थी. पण मला स्वतः करायची होती. मुंजाजीने दोन मशीन समोर ठेवल्या. एक जुन्या पद्धतीची, जनावरासारखी जड. दुसरी छोटी, इन्व्हर्टरवाली, काखेत मारून नेता येईल अशी. म्हणाला, "सर, ती मोठी घरच्या लाइनीवर लावताल तर आख्ख्या गल्लीचे पंखे रुसतेत. ही छोटी न्या. शिकायला लय चांगली हाय."

मग त्याने यादी सांगितली. मशीन, बारा नंबरचे रॉड, हातातलं ग्राइंडर, तारेचा ब्रश, खपली काढायची हातोडी, गुण्या, चार शिकंजे आणि डोळ्यांपुढे धरायच्या दोन काळ्या काचा. मी म्हणालो, दोन कशाला, मी एकटाच तर आहे. तर म्हणतो, "जोडणाऱ्याला एक, धरणाऱ्याला एक. धरणाऱ्याला बी डोळे असतेत सर."

मला ती डोक्यावर घालायची टोपी आवडली होती, ठिणगी पडताच जिची काच आपोआप काळी होते. महाग आहे. ती घ्यायची तर यादीतलं काहीतरी कमी करणं भाग होतं. शिकंजे आणि दोन्ही काचा काढून टाकल्या. शिकंजे पाइप धरायलाच असतात, आणि धरायला बायको आहे, प्रभावती.

बुधवार, १२ जुलै

चार दिवस रॉड चिकटवण्यात गेले. रॉड पत्र्याला लावला की बसतो, सुटायचं नाव नाही. आज पहिल्यांदा वीतभर सरळ रेघ आली. प्रभावतीला हाक मारून दाखवली. तिने बोट फिरवून बघितलं आणि म्हणाली, "माझ्या आजीनं गोधडी ह्याच्याहून बरी शिवली असती." पण बरं वाटलं असावं तिला, चहा न मागता आला.

लेकीचा, अबोलीचा फोन आला होता. धोंड्याचं जेवण तीस तारखेला ठरलं. अधिक महिना अठरापासून लागतोय. जावई सारंगराव परभणीहून तिला घेऊन येणार, जेवणार, आणि अबोलीला बाळंतपणासाठी इथे ठेवून जाणार. तोवर नववा लागलेला असेल.

प्रभावतीने मधल्या खोलीतली बाज नव्याने विणून घेतली आहे. डिंक, खारीक, अळीव, सगळं डब्यात भरून वर चिठ्ठ्या. जुन्या मऊ लुगड्यांची नऊ दुपटी शिवली. नऊ कशाला, म्हणालो, तर म्हणाली पाऊस आहे, वाळत नाहीत. तिला स्वतःला माहेरचं बाळंतपण मिळालं नाही. आई आधीच गेली होती, माझ्या आईने केलं, आणि माझ्या आईने कसं केलं हे सत्तावीस वर्षांत तिने कुणाला सांगितलेलं नाही. अबोलीचं आपण करायचं, हे मात्र अबोली पाळण्यात असल्यापासून ऐकतो आहे.

रविवार, १६ जुलै

सांगाड्याचे पहिले दोन खांब उभे राहिले. पद्धत बसवली आहे: प्रभावती पाइप गुण्याला लावून धरते, मी "हं" म्हणतो, ती डोळे मिटून तोंड फिरवते, मी टाका मारतो. पण त्यात पाइप दोनदा हलला आणि खांब वाकडा लागला. कापून परत लावावा लागला. मी चिडलो. म्हणालो, डोळे मिटून धरशील तर हलणारच, जरा बघत जा. मग नीट लागले.

संध्याकाळी तिला डोळ्यांत वाळू गेल्यासारखं होत होतं. ग्राइंडरची धूळ असेल. गुलाबपाणी घातलं.

गुरुवार, २० जुलै

पावसाने रॉड सादळले. मुंजाजी म्हणाला, गरम करून घ्या. भाकरीच्या तव्यावर टाकले तर प्रभावतीने तवाच उचलून अंगणात ठेवला आणि म्हणाली, आता ह्याच्यावरच जेवा. जुना तवा मला मिळाला, तिला नवा आणावा लागला. तिचे डोळे बरे आहेत.

रविवार, २३ जुलै

काल आणि आज दोन्ही दिवस सकाळपासून काम. जावई यायच्या आत सांगाडा उभा दिसावा असं मनात होतं. दिसला. आठ खांब, वर कमान, बाजूला कप्प्यांच्या पट्ट्या. लांबून बघितलं तर कुणी म्हणणार नाही की मास्तराने केलंय. चारातले तीन टाके चांगले आहेत.

प्रभावती चार वाजल्यापासून आत पडून आहे. डोळ्यांवर ओला पंचा. खिडकी लावून घे म्हणाली, उजेड सोसत नाही. पंचा बाजूला केला तर डोळे लाल, पापण्या सुजलेल्या, पाणी नुसतं वाहतंय. कपाळ आणि गाल उन्हाने भाजावेत तसे तांबडे.

मला तेव्हाच कळलं. इथे लिहून ठेवतो, कारण तोंडाने म्हणालो नाही. ही धूळ नाही आणि मागच्या रविवारीही नव्हती. वेल्डिंगच्या उजेडात डोळा भाजतो, हे मी नववीच्या वर्गाला शिकवलेलं आहे. मी टोपीच्या आत होतो. ती दोन हातांवर, उघड्या डोळ्यांनी बघत होती, कारण मी तिला बघ म्हणालो होतो.

तिला म्हणालो, पडून राहा, आराम पडेल. ती म्हणाली, "हं."

सोमवार, २४ जुलै

गावात डोळ्यांची साथ आहे. शाळांत निम्मी पोरं काळे चष्मे लावून बसली आहेत म्हणे. सकाळी शेजारच्या बायनाबाई विरजण मागायला आल्या. प्रभावती ओट्यावर पाठ करून उभी होती, वळली. बायनाबाईंनी वाटी तिथेच ठेवली आणि पदर तोंडाला लावून फाटकापर्यंत मागे गेल्या. "अगं बाई, काकूला डोळे आले की ओ."

मी तिथेच पेपर वाचत होतो. एक वाक्य होतं, "नाही हो, वेल्डिंगमुळे झालंय." तेवढंच.

मी म्हणालो, "हो, साथच आहे ना."

प्रभावतीने माझ्याकडे बघितलं. जेवढं बघता येत होतं तेवढं.

का म्हणालो, ते लिहायला बसलो आहे. या गावात मला ग्रहणवाले सर म्हणतात. एकोणीसच्या डिसेंबरात ग्रहण होतं तेव्हा आठशे पोरांना पुठ्ठ्याचे चष्मे करून दिले. एका पोराने चष्मा काढला म्हणून त्याच्या बापाला शाळेत बोलावून चार माणसांत झापलं. तो बाप अजून रस्त्यात भेटला की हात जोडतो. आणि त्या सरांनी बायकोला दोन दिवस उघड्या डोळ्यांनी ठिणगीसमोर उभं केलं. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. मला वाटलं, दोन दिवसांत बरी होईल, कुणाला सांगायचं कशाला. झाकली मूठ सव्वा लाखाची.

दुपारी दवाखान्यात नेलं. तरुण डॉक्टरीणबाई होत्या. विचारलं, "काय काम करता काकू?" प्रभावती बोलायच्या आत मी म्हणालो, घरीच असतात. साथीचे थेंब मिळाले. घरी आल्यावर मी ते कपाटात ठेवले आणि थंड पाण्याच्या पट्ट्या ठेवायला सांगितल्या. तिने विचारलं नाही, थेंब का नकोत.

मंगळवार, २५ जुलै

बातमी परभणीला पोहोचली. बायनाबाईंची बहीण तिकडेच, अबोलीच्या सासरच्या गल्लीत. सकाळपर्यंत तिकडे गेली.

विहीणबाईंचा, कुसुमबाईंचा फोन आला. त्या तशा सरळ बाई आहेत, पण सुनेच्या बाबतीत कुणाचं ऐकत नाहीत. प्रभावतीने फोन कानाला लावला, "हो, जरा लाल आहेत," म्हणाली, आणि मग फोन माझ्या हातात दिला. "घ्या. काय झालंय ते तुम्हीच सांगा."

मला वाटलं, तिला उजेडात उभं राहवत नसेल. मी फोन घेतला.

कुसुमबाई म्हणाल्या, "सर, तुमी तर शिकलेले. लहान लेकराला डोळे आले तर केवढ्याला पडंल? नवव्या महिन्याची बाई हाय. मी काय म्हणते, बाळंतपण इथंच होऊ द्या. दवाखाना बी जवळ हाय."

मी म्हणालो, "दोन-तीन दिवसांत उतरेल."

"उतरू द्या की. पण घरात साथ हाय म्हणल्यावर पंधरा दिवस तरी न्हाई पाठवायची. धोंडा बी राहू द्या, सारंगला आत्ता नाही पाठवत मी."

मी "बरं" म्हणालो. फोन ठेवला. प्रभावती दारात उभी होती. विचारलं, "सांगितलं?"

म्हणालो, "त्या ऐकायलाच तयार नाहीत."

शुक्रवार, २८ जुलै

डोळे स्वच्छ झाले. परवापासूनच बरे होते, आज सुईत दोरा ओवला. भाजलेला डोळा दोन-तीन दिवसांत भरून येतो, म्हणजे मी बरोबर होतो. ही बरोबर असण्याची सवय काही जात नाही.

प्रभावतीने धोंड्याचे अनारसे केले. तेहेतीस मोजून डब्यात भरले, वर फडकं बांधलं. जीपवाल्याबरोबर पाठवून देऊ म्हणाली. अबोलीला फोन केला तर ती म्हणाली, "आई, सासूबाई म्हणायल्यात सध्या घरातलं काही नको पाठवू. राग धरू नको." प्रभावती म्हणाली, "राग कशाचा? बरोबरच आहे त्यांचं." आणि डब्याचं फडकं सोडलं.

बायनाबाईंकडे दोन पाठवावेत तर त्या अजून फाटकातूनच बोलतात. विरजणाची वाटी चार दिवस ओट्यावर पडून आहे. अनारसे मला वाढले. म्हणाली, "तुम्ही खा. जावयाचा वाटा तुम्हाला."

दोन खाल्ले. चांगले झाले होते, जाळी सुरेख पडली होती. तिसरा डब्यात परत ठेवला.

सोमवार, ३१ जुलै

आज तीनदा फोन हातात घेतला. पहिल्यांदा विचार केला, आत्ता त्यांची पूजेची वेळ असेल. दुसऱ्यांदा, सारंगराव घरी आल्यावर बोलावं, म्हणजे नीट समजेल. तिसऱ्यांदा काही कारण सुचलं नाही, तर नुसताच ठेवून दिला.

आता सांगायचं म्हणजे फक्त डोळ्यांचं नाही. आठ दिवस खोटं का बोललात, तेही सांगावं लागेल. डॉक्टरांशी खोटं, बायनाबाईंशी खोटं, विहिणीशी खोटं. पहिल्या दिवशी एका वाक्यात सुटलो असतो. आता अख्खी गोष्ट सांगावी लागेल, आणि तिच्यात मी कुठेच बरा दिसत नाही.

प्रभावतीने संध्याकाळी विचारलं, "फोन लागला का परभणीला?"

म्हणालो, रेंज नव्हती.

"गच्चीवर असते," ती म्हणाली.

ती इतकी शांत कशी राहते, मला कळत नाही. एका शब्दाने मला दोष दिला नाही. मधल्या खोलीत बाजेवर ती नऊ दुपटी घडी करून ठेवलेली आहेत, रोज ऊन पडलं की वाळत घालते आणि संध्याकाळी आत आणते. अजून वापरली नाहीत तर वाळवायची कशाला. मी म्हणालो तसं. म्हणाली, दमट हवा आहे. मला वाटतं, तिने मनातून माफ केलं असावं.

रोज ट्रककडे जाऊन बसतो, काम होत नाही. सांगाड्यावर गंजाचे ठिपके पडले आहेत, रंग मारायला हवा.

शुक्रवार, ४ ऑगस्ट

अबोलीला मुलगी झाली. दहा-बारा दिवस आधीच. पहाटे पोटात दुखायला लागलं, सहाला दवाखान्यात नेलं, नऊला मुलगी. सारंगरावांचा फोन सव्वानऊला आला. दोघी चांगल्या आहेत.

मग फोटो आला. कुसुमबाईंच्या मांडीवर, हिरव्या फडक्यात गुंडाळलेली, डोळे मिटलेली. प्रभावतीने फोन लांब धरून बघितला, मग जवळ घेऊन बघितला. तिने विचारलं, "पहिल्यांदा ह्यांनीच घेतलं असंल ना?"

म्हणालो, असेल.

"दुपटं दवाखान्याचं दिसतंय," ती म्हणाली. मग आत गेली. बराच वेळ बाजेच्या सुंभाचा आवाज येत होता. बघितलं तर बसून होती, नुसती. तिला रडताना मी आजवर चारदा बघितलं असेल. आज रडत नव्हती, आणि ते जास्त वाईट होतं.

मी चोर आहे. दुसरा शब्द सापडत नाही. तिने सत्तावीस वर्षं राखून ठेवलेली गोष्ट मी माझ्या नावासाठी घालवली. नाव तरी काय, तर ग्रहणवाले सर.

रविवारी जातो आहोत. सांगणार आहे. लिहून ठेवतो, म्हणजे फिरता येणार नाही.

रविवार, ६ ऑगस्ट

सकाळच्या जीपने निघालो. प्रभावतीच्या मांडीवर पिशवी, पिशवीत नऊ दुपटी.

अबोलीला कालच घरी आणलं होतं. कुसुमबाई दारातच होत्या. पाणी दिलं, बसा म्हणाल्या, आणि प्रभावतीला म्हणाल्या, "ताई, वाईट वाटून घेऊ नका. पंधरा दिवस झाले न्हाईत. दारातून बघा लेकराला, आत नका जाऊ." खोलीचं दार अर्धं उघडं होतं. आत अबोली आईकडे बघून हसत होती आणि डोळे पुसत होती. प्रभावती उंबऱ्याच्या अलीकडे उभी राहिली. पिशवी हातातच.

मी उठलो. म्हणालो, "ताई, हिला डोळे आलेच नव्हते."

मग सगळं सांगितलं. मशीन, एकच टोपी, शिकंजे नको म्हणालो ते, डोळे उघडे ठेव म्हणालो ते. फोनवर सांगायला हवं होतं ते. सारंगराव भिंतीकडे बघत होते. आवाज मोठा झाला असावा, कारण आत बाळ रडायला लागलं.

कुसुमबाईंनी सगळं ऐकलं. प्रभावतीकडे वळल्या. "अवो ताई, मग तुमी का नाही बोललात? मी ऐकलं असतं की. लेक तर तुमची."

प्रभावती म्हणाली, "बोलायचं त्यांचं होतं. मी रोज वाट बघायले."

एवढंच. माझ्याकडे न बघता म्हणाली. मी दोन आठवडे तिच्या शांत राहण्याला माफी समजत होतो.

कुसुमबाईंनी आत जाऊन बाळ आणलं आणि तिच्या हातात दिलं. माझ्याकडे एकदा बघितलं, मग तिला म्हणाल्या, "आता प्रवास नको लेकराला. पण तुमी राहता का? सव्वा महिना इथंच करा, तुमच्या हातानं. मी आपली वरचं काम बघते."

मला वाटलं, नाही म्हणेल. लेकीच्या सासरी आईने राहायचं नसतं. आम्ही तर अबोलीच्या लग्नानंतर इथे जेवलोसुद्धा नव्हतो. प्रभावती बाळाच्या तोंडाकडे बघत म्हणाली, "राहते."

मी म्हणालो, "अगं, पण लोक काय म्हणतील?"

"लोकांना काय सांगायचं ते तुम्ही बघा," ती म्हणाली. "तुम्हाला येतं ते."

जेवण झालं. निघताना विचारलं, कपडे वगैरे काय पाठवू. म्हणाली, अबोलीचे आहेत इथे. परत कधी येशील, हे विचारायचं होतं. विचारलं नाही.

पाथरीत उतरलो तेव्हा पाच वाजले होते. बायनाबाई त्यांच्या दारात तांदूळ निवडत होत्या. लांबूनच विचारलं, "काकू कुठं हायत? डोळे वाढले का काय?"

फाटकात उभा राहिलो आणि त्यांनाही सांगितलं. पहिल्यापासून. रस्त्याने दोन माणसं जात होती, तीही थांबली, त्यातला एक माझा विद्यार्थी. थांबलो नाही, सगळं सांगितलं. सोपं जाईल असं वाटलं होतं, कारण एकदा सांगून झालं होतं. गेलं नाही.

बायनाबाईंचे हात सुपात थांबले. मग म्हणाल्या, "म्हंजी काकूला काईच न्हवतं. आन आमी रोज त्यांना पाठ दाखवून जायचो. त्या ओट्यावर येऊन उभ्या ऱ्हायच्या ओ सर, कुणी बोलंल म्हणून."

मला हे माहीत नव्हतं. मी मागच्या अंगणात ट्रककडे असायचो.